एकच माणूस कमी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला मतपेटी नव्हती. शाळेच्या व्यायामशाळेत शिट्टी वाजेल तेव्हा जो ज्या कोपऱ्यात उभा, तो त्या उमेदवाराचा. गव्हर्नरबाईंच्या प्रचारात वर्षभर चिखल-बर्फ तुडवलेल्या वर्लिन टिगेनच्या कोपऱ्यात ठरलेल्या किमान संख्येला नेमका एक माणूस कमी भरत होता, आणि तेवढ्यावरून बाई गावातून बाद होणार होत्या. त्याची बायको डोरीन मात्र समोर, सिनेटरच्या कोपऱ्यात, शेजारणींशी गप्पा मारत उभी होती. वर्लिन धावतच तिच्याकडे गेला.

"डोरीन, चल की गं तिकडे! एकच माणूस हवाय."

"साऱ्या गावाची दारं ठोठावलीस. घरच्या माणसाला विचारलंस कधी?"

शेजारणी फिदीफिदी हसल्या.

"चुकलो बाई. आता विचारतो."

"असं उभ्या उभ्या? लग्नाचं विचारताना कसा बसला होतास?"

वर्लिन तिथेच एका गुडघ्यावर बसला. डोरीन विरघळली, पर्स सावरत तरातरा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. वर्लिन तिच्यामागे निघणार, तर वर्षभराच्या पायपिटीने दुखरा झालेला गुडघा काही सरळ होईना. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"जागचं कुणी हलायचं नाही!"

डोरीन त्याच्या कोपऱ्यात मोजली गेली, वर्लिन सिनेटरच्या. बाईंकडे पुन्हा एक माणूस कमीच.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवरचे जाणकार सांगत होते, "सिनेटरची लाटच अशी होती, की ऐन वेळी विरोधकांच्या म्होरक्यानेही गुडघे टेकले!"