सुपारीचं खांड

"आमच्या विनयला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," सासूबाई कौतुकानं सांगत होत्या. माझ्या धाकट्या दिराला मुलगी सांगून आली होती आणि तिचे आईवडील घर बघायला आले होते.

माझ्या लग्नाआधी थोरल्याबद्दलही हेच वाक्य ऐकवलं होतं. खोटं अजिबात नव्हतं. माझा नवरा आजही सुपारी खात नाही, चमच्यात गर्द तापवून घेतो. तो बिघडला, तेही म्हणे माझ्याच पायगुणानं. चमच्यांची काळी बुडं घासून मी घराण्याची अब्रू लखलखीत ठेवते. हल्ली त्यात दिराचाही चमचा असतो.

मी पोह्यांच्या बशा भरल्या. मुलीची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या बशीत मी दिराचा चमचा न घासताच ठेवला.

तिनं तो उलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बशी तशीच ठेवून ती उठली. "पत्रिका काही जुळत नाही हो," एवढंच म्हणाली.

दार लागताच सासूबाई कडाडल्या, "पांढऱ्या पायाची! तुझ्यामुळेच मोडलं हे लग्न!"

मी मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्यांचा हा पहिलाच आरोप खरा होता.