डावखुरं व्हायोलिन

ती चौदा वर्षांची असताना संगीताचे मास्तर म्हणाले होते, "गज उजव्या हातात धर, नाहीतर शिकवणी बंद." तिच्या सुतार बाबांनी पोरीचा हात बदलण्यापेक्षा व्हायोलिनच बदललं. सहा महिने खपून डावखुरं व्हायोलिन घडवलं. "एका पोरीसाठी एवढा खटाटोप?" म्हणून शेजारी हसले. बाबा रंधा मारत राहिले.

आता तिचीच बोटं आखडली होती. विक्रीची जाहिरात देऊन आठ महिने झाले, तरी काळं कुत्रं विचारत नव्हतं. आज एक गृहस्थ आले, पण त्यांनी पाण्याचा पेला उजव्या हाताने उचलला आणि ती हिरमुसली.

"हे डावखुऱ्यांचं आहे. तुमच्या उपयोगाचं नाही."

गृहस्थांनी खिशातला डावा हात बाहेर काढला. दोन बोटांची पेरं नव्हती.

"या हाताने तारा दाबता येत नाहीत, पण गज धरायला एवढं पुरतं. सगळी दुकानं पालथी घातली हो. बनवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा."

"त्यांच्या फोटोला सांगते," ती म्हणाली.

शेजाऱ्यांना बाबांनी तेव्हा काहीच उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर आज, पन्नास वर्षांनी, व्हायोलिनची पेटी काखेत धरून जिना उतरत होतं.