उसनी नजर

मंजिरीनं अंगाईगीतांच्या अल्बमसाठी केलेलं मुखपृष्ठ स्क्रीनवर उघडलं, तशी रेवा तिच्या मांडीवरून पुढे झेपावली. चित्रातल्या गायिकेच्या गालावर तळवा टेकवून म्हणाली, "आई!"

रेवाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला होता. मंजिरीचा चेहरा उतरला.

"अगं, नजर तुझीच आहे ना ती?" मंजिरीचा नवरा सुमेध हसला. "रेवा झाली तेव्हा तूच कॅमेऱ्यात टिपलीस, आता तूच इफेक्ट म्हणून या बाईच्या डोळ्यांत भरलीस. स्वतःवरच जळतेस होय?"

"माझी होती रे. आता कुठे राहिलीय?"

ताप तर नाही ना, घशात काही अडकलं नाही ना, हेच बघण्यात मंजिरीचे तेव्हापासूनचे दिवस गेले होते. आणि ही बाई मात्र आयत्या मायेनं बघत होती. उद्या अल्बम बाहेर आला, की घराघरांतल्या पोरांकडे बघणार होती.

सुमेध दूध कोमट करायला आत गेला. मंजिरीनं कॅमेरा सुरू केला, आपली आत्ताची नजर टिपली आणि जुन्या नजरेच्या जागी बसवली. गायिकेचं हसू तसंच राहिलं. फक्त डोळे बदलले.

रेवाचा ओठ थरथरला. ती किंचाळून वळली आणि मंजिरीच्या गळ्यात पडली.

"आई," ती हुंदके देत म्हणाली.

मंजिरीनं तिला घट्ट धरलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून ठेवलं. पोरीनं वर बघितलं असतं, तर तेच डोळे दिसले असते.