शेवटचा डबा जाईपर्यंत

"गाडी जाताना पाठ करून उभी राहू नकोस हं, सूनबाई. शेवटचा डबा जाईपर्यंत चाकं बघायची, मग हात वर करायचा. या गावात एवढं पाळावंच लागतं." सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. वर नवऱ्याला ऐकवलं, "मी लग्न तुमच्याशी केलंय, रेल्वेशी नाही."

आज कोठीच्या बंद दारावर मुठी आपटताना तिला नेमकं तेच आठवत होतं.

गाव एवढंसं. सपाट माळ, मधून रूळ, रुळांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरं. घरटी एक माणूस रेल्वेत. पण तोरा विचारू नका! गाडी आली की न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. मास्तर पाढा अर्ध्यावर सोडून पोरांसकट वर्गाबाहेर यायचे. एखादं चाक धुमसतंय का, कुठं साखळी लोंबतेय का, सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बघायचं. या बाजूची चाकं त्या बाजूला दिसत नाहीत, म्हणून शेवटचा डबा गेला की दोन्हीकडची माणसं एकमेकांना हात दाखवायची. आमची बाजू ठीक, तुमची? बिघडलेली गाडी आमच्या गावावरून पुढे गेली नाही, असं इथलं शेंबडं पोरही छाती पुढे काढून सांगायचं.

तिला ती रिकामटेकड्यांची कवायत वाटायची. आधीच जीव काळजीनं पोखरलेला. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती. मालगाडीच्या चाकांची काळजी कुठून करणार? गाडी आली की सासूबाईंच्या धाकानं ती बाळाला उचलून ओसरीवर यायची आणि त्याला धूळ लागू नये, आवाजानं ते दचकू नये म्हणून छातीशी धरून गाडीकडे पाठ करायची. समोरच्या घरातली फाटकवाली मावशी, जिची उभी हयात फाटक उघडण्यात नि लावण्यात गेली, जुनी हिरवी झेंडी हलवत पलीकडून ओरडायची, "झालं बाई शिकलेल्या सुनेच्या पाठीचं दर्शन!" आणि अख्खी ओळ खिदळायची.

आज सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. नवरा इंजिन घेऊन बाहेरगावी. बाळ नुकतं रांगायला लागलेलं. रुळांकडे जाईल या भीतीनं तिनं पुढचं दार आतून कडी घालून बंद केलं. उकळलेल्या बाटलीवर माशी बसली, म्हणून बाटल्या पुन्हा गॅसवर चढवल्या. धूळ नको म्हणून दुपटी घरातच, गॅसच्या वरच्या दोरीवर वाळत घातली. आणि साबण आणायला कोठीत शिरली. माळावरचं वारं ते. दार धाडकन आपटलं आणि बाहेरची ढिली खिट्टी आपली आपण खाली पडून अडकली.

तिनं हाका मारल्या. दाराला खांदा दिला. पलीकडे बाळानं भोकाड पसरलं. तेवढ्यात मालगाडी आली. लांबच लांब मालगाडी. तिची हाक, बाळाचं रडणं, सगळं त्या धडधडाटानं गिळून टाकलं. गाडी गेली. मग कापड जळल्याचा वास आला. आणि बाळाचं रडणं ऐकू येईना.

काच फुटली.

"आधी गॅस! गॅस बंद कर मेल्या!"

"अहो मावशी, आधी मला खिडकीतून आत तर पडू द्या!"

पाण्याचा सपकारा. मग खिट्टी वर गेली. दारात फेसाळलेल्या हातांनी न्हावी उभा. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, हातात रिकामी बादली. आणि मधोमध धापा टाकत फाटकवाली मावशी. तिच्या कडेवर बाळ, हिरव्या झेंडीचं टोक चोखण्यात दंग.

तिनं बाळाला ओढून घेतलं. चाचपून बघितलं, पुन्हा बघितलं. मग विचारलं, "मावशी, गाडीच्या आवाजात माझी हाक ऐकू कशी आली तुम्हाला?"

"कुठली हाक आणि काय! गाडीपुढं ढगाचा गडगडाट ऐकू येत नाही." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "शेवटचा डबा गेला, आणि समोर तुझी पाठ नव्हती."

"पाठ?"

"कुणी हात दाखवतं, मी झेंडी दाखवते, तू पाठ दाखवतेस. आम्हाला तेवढी पुरते, पोरी. चाकं गाडी असेस्तोवर बघायची. गाडी गेली की माणसं बघायची."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची गाडी गावावरून गेली. ती ओसरीवर उभी राहिली, गाडीकडे तोंड करून, एका हातानं बाळाचे कान झाकून. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकूण एक चाक तिनं नजरेखालून घातलं. मग हात वर केला. बाळाचाही धरून वर केला. पलीकडे ओळीनं हात वर गेले, एक झेंडी फडफडली, आणि न्हावी ओरडला, "वहिनी, आज तोंड दिसलं हो! बरं आहे की!" तिची मान उगाच ताठ झाली. आपलं गाव, तिला वाटलं.

आता नव्या सुनांना दटावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. आणि तुम्हालाही तिचं एक सांगणं आहे. तुमच्या दारासमोर रूळ नसतील. पण रोज कुणीतरी दिसत असेल, खिडकीत, गच्चीवर, जिन्यात. कधी हात न दाखवणारं, पाठ करूनच उभं राहणारं. आज दिसलं का ते? नसेल, तर हे ठेवा खाली. आधी जाऊन बघून या.