ऑइलपेंट

बंद सूतगिरणीचं रुग्णालय करताना भिंतींना जिवंत गिलावा दिला होता. हवेतले रोगजंतू तो खाऊन टाकायचा. तो करणाऱ्या गवंडी गजराबाई आता तिथंच खाटेवर होत्या. वास्तुकार निरगुडकर भेटायला आले, तेव्हा त्या भिंतीवरून हात फिरवत होत्या.

"साहेब, भिंत गुदमरलीया. समद्या वार्डाच्या जखमा चिघळल्यात. वरचा रंग तुमी पारखूनच दिला असंल; माझाच गिलावा चुकला असंल."

निरगुडकरांची मान खाली गेली. उद्घाटनाला मंत्री येणार, भिंती चकाचक दिसाव्यात, म्हणून त्या गिलाव्यावर त्यांनीच ऑइलपेंट मारून घेतला होता. खरं सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"होतं असं कधी कधी, गजराबाई," एवढंच बाहेर पडलं.

गजराबाईंनी हात जोडले. "लई मोठ्या मनाचं हायसा, साहेब."