निर्गुडीचं मलम

"घरात औषध तयार होतंय आणि मी कण्हत बसायचं?" सुमंताबाईंनी सुजलेली बोटं लेकीपुढे धरली. संशोधक असलेल्या मुक्ताने निर्गुडीच्या पानांतून सूज उतरवणारा अर्क काढला होता. त्याच्या मलमाची संधिवाताच्या रुग्णांवर चाचणी चालू होती.

"आई, निम्म्या लोकांना औषधाविना साधं मलम दिलंय. कोणाला कुठलं, हे मलाही ठाऊक नाही. गुण अर्कानेच येतो हे कळल्याशिवाय तुझ्या हाताला लावणार नाही."

सुमंताबाई फुरंगटल्या. बोटं वळेनात म्हणून गजरे गुंफणं बंद पडलं होतं, तरी त्यांनी पुन्हा मागितलं मात्र नाही.

चाचणीचा निकाल लागला. अर्काचं मलम लावणाऱ्यांची सूज चांगलीच उतरली होती. साधं लावणाऱ्यांची जवळजवळ होती तशीच. मुक्ता धावतच घरी आली आणि तिने आईच्या हाती डबी ठेवली. "आता छातीठोकपणे सांगते, लाव!"

सुमंताबाईंनी डबी उघडली, निर्गुडीचा उग्र वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

"साधं मलम चोळत बसले, त्यांनाही दुखत होतंच ना गं? आधी त्यांना पोचव. मी आणखी चार दिवस कळ सोसेन."