बोर्डावरचं नाव

बापाचं नाव बोर्डावर का आलं नाही, ते योगेशला शेवटी सापडलं. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर, घरामागच्या लिंबाखाली, बाजेवर लॅपटॉप ठेवून तो सकाळपासून एकेक ओळ तपासत होता. चूक सापडली, आणि ती दुसऱ्या कुणाची नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

बोर्ड होता हिंगोलीतल्या एका दवाखान्यातला, कॉम्प्युटरवर चालणारा. ज्याचं नाव झळकेल त्यानं डॉक्टरांकडे आत जायचं, एवढंच त्याचं काम. पुण्यात नोकरी करता करता योगेशनं तो आपल्या जिल्ह्यासाठी म्हणून हौसेनं बनवला होता. इंग्रजीत होता तोवर बरा चालला. मग एकदा लालसिंगनं, म्हणजे त्याच्या बापानं, तो पाहिला. पाहून पोराला म्हणाला की बोर्ड लाख चांगला, पर आपली माणसं नुसत्या माना वर करून बसतात, त्यांना ते वाचता कुठं येतं? मराठीत कर. झालं. बापाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? दिवाळीला आलेल्या योगेशनं एका बैठकीत बोर्ड मराठी करून टाकला. चालतो का बघायला बहिणींची नावं घातली. मिना झळकली, निता झळकली. पोरी खुश, बाप त्यांच्याहून खुश. तांड्यात दहा दारी सांगून आला.

इथंच घात झाला. बोर्डाचा प्रोग्राम होता सी या कॉम्प्युटरच्या भाषेत, आणि तिच्यात नावाला जागा आपणच ठरवून द्यावी लागते, ती आपोआप वाढत नाही. इंग्रजी अक्षर एका खणात बसतं. मराठी अक्षराला तीन-तीन खण लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांना पुन्हा वेगळे. योगेशला हे माहीत नव्हतं असं नाही. शिकलेला पोरगा तो. पण घाईत त्यानं अक्षरं बदलली आणि जागा तेवढीच ठेवली. वर त्यानंच फार आधी शहाणपणानं एक ओळ लिहून ठेवली होती, की जे नाव जागेत मावणार नाही ते सोडून दे, शेजारच्या नावाच्या जागेत घुसू देऊ नको. मिना मावली, निता मावली. पण तांड्यातला माणूस नुसता लालसिंग थोडाच असतो? लालसिंग भावसिंग राठोड. बापाचं नाव, आज्याचं नाव, दोन्हींच्या शेपटाला सिंग. एवढं लांब नाव त्या जागेत मावलं नाही, आणि बोर्डानं ते गुपचूप सोडून दिलं. ज्या पोराचं स्वतःचं नाव असंच लांबलचक, त्याला बहिणींची आखूड नावं घालून बघायची बुद्धी व्हावी, याला काय म्हणावं?

त्या दिवशी लालसिंगच्या छातीत जळजळत होतं. बायकोला, भिकाबाईला घेऊन तो दवाखान्यात गेला, नाव लिहून दिलं आणि बोर्डासमोरच्या बाकावर जाऊन बसला. मागून आलेले आत जाऊन बाहेर आले. लालसिंग बसलेलाच होता. मग बसल्या बसल्याच त्याची मान बायकोच्या खांद्यावर कलंडली. डॉक्टर धावत आले, हात टेकले, आणि म्हणाले की थोडं आधी आत आले असते तर वाचले असते. दवाखान्यानं नंतर बोर्डाची वायर बदलली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

डॉक्टरांचं ते वाक्य योगेशच्या काळजात रुतून बसलं होतं. आता त्याचं कारणही हाती आलं होतं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि पुढच्या अंगणात गेला. भेटायला आलेल्या बाया याडीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, गळ्यात पडून, तांड्याच्या रीतीप्रमाणे, गेलेल्याचे गुण गाऊन रडत होत्या. एकीचा गळा सुटला की दुसरी गळ्यात पडायची. योगेश दाराशी उभा राहिला. शेवटची बाई डोळे पुसत गेली, तेव्हा तो आईजवळ जाऊन बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. खणाबिणाचं त्या माउलीला काय कळणार? बाच्या नावाला मी जागा कमी दिली, एवढंच त्यानं सांगितलं, आणि ते तिला कळलं.

"याडी, बाला मीच मारलं," तो म्हणाला. "बोर्डानं त्याचं नाव घेतलंच न्हाई."

भिकाबाईनं त्याचा हात धरला.

"असं म्हणू नको, लेकरा. बोर्डावर आलं न्हाई, पर दवाखान्यातल्या पोरीनं दारात येऊन नाव पुकारलं व्हतं. आमाला बराबर ऐकू आलं."

योगेशच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला. म्हणजे बोर्डामुळं काही अडलं नव्हतं. हाक गेली होती, बापानं ती ऐकली होती. त्याला रडू फुटलं, आणि ते सुटकेचं होतं. रडता रडताच पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला.

"मग बा उठला काहून न्हाई?"

भिकाबाईनं ओढणी तोंडावर ओढून घेतली. हे पोराला कधीच सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण आता इलाज नव्हता. मी उठले व्हते, ती म्हणाली, हाताला धरून त्यांना ओढलं बी व्हतं. त्यांनी हात सोडवून घेतला.

"म्हणले, 'बस खाली. हाकेवर उठून गेलो तर समदे म्हणतील, योगेशचा बोर्ड बिघडला. येऊन राहिलं आसंल नाव.'"